जुन्या व्हीसीआरमधून नितळ चित्र : कोणते फेरफार करावेत, कोणते टाळावेत

दिवाणखान्याच्या मध्यभागी दूरचित्रवाणी संच, त्याच्या शेजारी चोवीस तासांसाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि एका रात्रीत तीन चित्रपट पाहून पहाटे घरी परतणारे शेजारी! १९८० च्या दशकातील पुण्यात, पेठांमधील वाड्यांपासून कोथरूडच्या नव्या सोसायट्यांपर्यंत, हे दृश्य नित्याचे होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या आणि रंगीत संचांपाठोपाठ व्हीसीआरनेही मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला. पुढे लग्न-मुंजीत छायाचित्रकाराबरोबर व्हिडिओ शूटिंगवालाही दिसू लागला आणि घरोघरी कॅसेटी साठत गेल्या.

त्या कॅसेटी आज माळ्यावरच्या खोक्यांत पडून आहेत. त्यांचे संगणकावर रूपांतर करून घेतले, की अनेकांची निराशा होते. आजोबांचा चेहरा धूसर, शालूचा लाल रंग कडेबाहेर पसरलेला, चित्राचा वरचा भाग वाकलेला आणि सर्वत्र मुंग्या. ‘फीतच खराब झाली’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा दोष फितीत नसून फितीपासून पडद्यापर्यंतच्या मार्गात असतो. व्हीसीआरच्या इलेक्ट्रॉनिक मंडलांत काही फेरफार करून हा मार्ग सुधारता येतो. ते फेरफार कोणते, कोणत्या क्रमाने करावेत आणि त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, याची माहिती या लेखात घेऊ.

हे काम फार काळ पुढे ढकलण्यासारखे नाही. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आज जगात जी यंत्रे आहेत, त्यांत नव्याने भर पडणार नाही आणि त्यांची हेड्स दर तासागणिक झिजत आहेत.

फितीवर नेमके काय असते?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत फितीची रुंदी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या ‘पाल’ पद्धतीत ही फीत सेकंदाला केवळ २३.३९ मिलिमीटर या वेगाने सरकते. इतक्या संथ फितीवर चित्र मावणे शक्य नसते. म्हणून ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावर बसवलेली दोन हेड्स फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. त्यामुळे हेड आणि फीत यांच्यातील प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर होतो. प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे चित्र.

चित्राचा उजेड-अंधार आणि त्याचे रंग हे दोन भाग फितीवर वेगवेगळे नोंदले जातात. उजेड-अंधाराचा संकेत ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात वारंवारता बदलून लिहिला जातो. रंगाचा संकेत मूळ ४.४३ मेगाहर्ट्झवरून सुमारे ६२७ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरवून त्याच रेघेत बसवतात. या काटकसरीची किंमत चित्राला मोजावी लागते. प्रक्षेपणातून येणाऱ्या चित्रात आडव्या दिशेने सुमारे ४०० रेषांचा तपशील असे. व्हीएचएसमध्ये तो सुमारे २४० रेषांवर येतो. रंगाचा तपशील तर याच हिशेबाने ३० ते ४० रेषांइतकाच उरतो. लाल शालूची कड पसरलेली दिसते, त्याचे एक कारण येथे आहे आणि कोणत्याही फेरफाराने ते पूर्णतः दूर होणार नाही.

तरीही फितीवर जेवढे आहे, तेवढे तरी पडद्यावर पोहोचावे, ही अपेक्षा रास्त आहे. खुद्द उत्पादकांनीही फितीचे स्वरूप न बदलता मंडलांत सुधारणा केल्या होत्या. १९८५ च्या सुमारास यंत्रांवर ‘एचक्यू’ ही अक्षरे झळकू लागली, ती अशाच सुधारणांची खूण होती. त्यांत कडा रेखीव करणारी आणि उजेड-अंधार व रंग यांतील खरखर कमी करणारी मंडले यांचा समावेश होता.

पहिली पायरी : आधी दुरुस्ती, मग सुधारणा

चित्रातील निम्म्याहून अधिक तक्रारी साध्या देखभालीने कमी होऊ शकतात, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. म्हणून सोल्डरिंगची इस्त्री हाती घेण्यापूर्वी हेड साफ करावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले गुळगुळीत चामडे किंवा न विरणारे कापड ड्रमवर हलके टेकवून स्थिर धरावे आणि ड्रम हाताने गोल फिरवावा. कापड वर-खाली घासल्यास हेडचे नाजूक टोक तुटते. कापसाची काडी तर मुळीच वापरू नये, तिचे धागे हेडमध्ये अडकतात. पूर्वी दुरुस्तीच्या दुकानांत यासाठी ‘सीटीसी’, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड वापरले जाई. ते यकृताला घातक आणि ओझोनच्या थरालाही मारक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून अशा वापरातून बाद झाले आहे. जुनी बाटली कोठे उरली असल्यास ती उघडू नये.

दुसरा संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्याला आपल्याकडचे कारागीर ‘कंडेन्सर’ म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्यातील द्रव सुकतो किंवा गळतो. मग विजेचा पुरवठा गुळगुळीत राहत नाही आणि चित्रात तिरके पट्टे, हलणाऱ्या लाटा किंवा फिकटपणा दिसू लागतो. पॉवर सप्लायमधील आणि ड्रम मोटरजवळील कपॅसिटर बदलणे हा सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात गुणकारी फेरफार आहे. नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरड मूल्याचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअस दर्जाचा घ्यावा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामानाची जी बाजारपेठ आहे, तेथे असे सुटे भाग शोधता येतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पॉवर सप्लायच्या प्राथमिक बाजूस सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. ज्यांना या कामाची सवय नाही, त्यांनी झाकण उघडण्याच्या फंदात न पडता अनुभवी कारागिराकडेच जावे.

दुसरी पायरी : अँटेनाची वायर टाळा

१९८० च्या दशकातील अनेक टीव्ही संचांना अँटेनाखेरीज दुसरी वाटच नसे. त्यामुळे व्हीसीआर आपले चित्र एका छोट्या प्रक्षेपकातून, म्हणजे आरएफ मॉड्युलेटरमधून, एखाद्या वाहिनीसारखे टीव्हीला पाठवी आणि टीव्ही ते पुन्हा उलगडून दाखवी. या दुहेरी प्रवासात मुंग्या, जाळी आणि शेजारच्या वाहिनीची सावली चित्रात मिसळे. त्या काळातील चौकस कारागीर टीव्हीच्या आत हात घालून वेगळे ‘एव्ही’ सॉकेट बसवून देत. तो पुणेकरांच्या परिचयाचा पहिला ‘फेरफार’ म्हणावा लागेल. त्यातही धोका होताच. काही संचांचे चासी थेट विजेच्या तारेशी जोडलेले असे आणि विलगीकरण न करता सॉकेट बसवल्यास व्हीसीआरच्या पत्र्यालाही झटका बसू शके.

आज ही अडचण उरलेली नाही. तरीही घरी रूपांतर करणारे काही जण अजून अँटेनाची वायरच वापरतात. व्हीसीआरच्या मागे ‘व्हिडिओ आउट’ असे लिहिलेले स्वतंत्र सॉकेट असेल, तर तेच वापरावे. यासाठी कोणताही खर्च येत नाही आणि फरक मात्र उघड्या डोळ्यांना दिसतो.

तिसरी पायरी : उजेड आणि रंग वेगळे ठेवणे

व्हीसीआरच्या आत उजेड-अंधार आणि रंग यांवर शेवटपर्यंत वेगवेगळी प्रक्रिया होते. बाहेर पडताना मात्र दोन्ही एका तारेत मिसळले जातात आणि टीव्हीला किंवा संगणकाच्या कार्डाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ही फारकत कधीच पूर्ण होत नाही. रंगीत कडांवर सरकणारे ठिपके हा तिचा पुरावा. १९८७ मध्ये आलेल्या एस-व्हीएचएस यंत्रांबरोबर चार पिनांचे ‘एस-व्हिडिओ’ सॉकेट रूढ झाले. त्यातून दोन्ही संकेत स्वतंत्र तारांनी बाहेर येतात.

साध्या व्हीसीआरला असे सॉकेट बसवणे हा हौशी तंत्रज्ञांचा आवडता फेरफार आहे. सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृतीत दोन्ही संकेत मिसळण्यापूर्वीची जागा शोधायची, तेथून प्रत्येक संकेत एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून घ्यायचा आणि ७५ ओहमच्या वायरने सॉकेटपर्यंत न्यायचा, अशी ही रीत. उजेडाचा संकेत सुमारे १ व्होल्ट आणि रंगाचा संदर्भ संकेत सुमारे ०.३ व्होल्ट एवढा असावा लागतो. बफर न लावता थेट वायर जोडल्यास संकेत दबतो आणि मूळ चित्रही फिके पडते.

या फेरफाराच्या दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. नंतरच्या काळातील अनेक स्वस्त व्हीसीआरमध्ये हे मिश्रण एकाच चिपच्या पोटात होते. बाहेरून पकडण्याजोगी जागाच नसते. दुसरे असे, की यातून कडा स्वच्छ होतात, पण २४० रेषांच्या ३०० होत नाहीत. म्हणून एस-व्हिडिओची सोय मुळातच असलेले चालू स्थितीतील एस-व्हीएचएस यंत्र मिळत असेल, तर ते घेणे अधिक शहाणपणाचे. त्यावर साध्या व्हीएचएस कॅसेटीही चालतात. काही यंत्रांवर ‘एडिट’ नावाचे बटण असते. ते दाबले, की यंत्राची कृत्रिम रेखीवता आणि खरखर कमी करण्याची प्रक्रिया सौम्य होते. प्रत काढताना हे बटण दाबून आणि न दाबता, असे दोन्ही प्रकारे चित्र पाहून निर्णय घ्यावा.

चौथी पायरी : डगमगणाऱ्या रेषा सावरणे

फीत ताणली जाते, आकसते, मोटरचा वेग क्षणभर कमी-जास्त होतो. परिणामी चित्राची प्रत्येक रेषा ठरलेल्या क्षणी सुरू होत नाही. जुने काचेचे टीव्ही संच हा दोष बराचसा पोटात घालत. संगणकाचे कार्ड मात्र तसे करीत नाही. ते गोंधळून काही चौकटी गाळते आणि मग बोलणाऱ्याचे ओठ व आवाज यांची फारकत होते.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. प्रत्येक रेषा क्षणभर स्मृतीत साठवून ती ठरलेल्या तालावर बाहेर सोडणारे हे मंडल. उंची एस-व्हीएचएस यंत्रांपैकी काहींत ते अंगभूत असे. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये केवळ चित्र स्थिर करण्यासाठी जोडण्याची युक्ती जगभरातील हौशी मंडळींत रूढ आहे. वाकडा झालेला चित्राचा वरचा भाग सरळ होण्यास तिचा चांगला उपयोग होतो.

परदेशात नातलग असलेल्या पुणेकरांसाठी आणखी एक बाब. अमेरिकेत चित्रित झालेल्या कॅसेटी ‘एनटीएससी’ पद्धतीच्या असतात. त्यांत ६२५ ऐवजी ५२५ रेषा आणि सेकंदाला २५ ऐवजी सुमारे ३० चौकटी असतात. केवळ ‘पाल’ जाणणाऱ्या यंत्रावर अशी कॅसेट लावली, की चित्र फिरते किंवा रंग नाहीसे होतात. असे झाल्यास कॅसेट बिघडली असे समजू नये. मल्टिसिस्टिम यंत्र शोधावे आणि संगणकावर नोंद करताना एनटीएससी हाच पर्याय निवडावा.

पाचवी पायरी : हेडपासून थेट संगणकात

गेल्या काही वर्षांत या विषयाला नवे वळण मिळाले आहे. हेडने फितीवरून उचललेला कच्चा संकेत प्राथमिक वर्धकातून बाहेर पडताच पकडायचा, तो जसाच्या तसा संगणकात भरायचा आणि चित्र उलगडण्याचे सारे काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचे, अशी ही पद्धत. लेझर डिस्कसाठी तयार झालेल्या ‘एलडी-डिकोड’ या मुक्त प्रणालीवरून ‘व्हीएचएस-डिकोड’ ही प्रणाली विकसित झाली. ती विनामूल्य आहे.

या पद्धतीत व्हीसीआरमधला फेरफार अगदी छोटा असतो. सर्किट बोर्डवर तंत्रज्ञांच्या चाचणीसाठी ठेवलेल्या खिळ्यांपैकी ‘पीबी एफएम’, ‘आरएफ’ किंवा ‘एन्व्हलप’ अशा अर्थाची खूण असलेला खिळा शोधायचा. त्याला एका कपॅसिटरमधून वायर जोडायची आणि ती यंत्राच्या मागे बसवलेल्या सॉकेटला न्यायची. संकेत क्षीण असल्यास मध्ये छोटा वर्धक लावावा लागतो. नोंदणीसाठी २००० च्या दशकातील अनेक टीव्ही ट्यूनर कार्डांत असलेली कोनेक्संट कंपनीची सीएक्स २३८८ मालिकेतील चिप उपयोगी पडते. एकेकाळी संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी घेतलेले ते कार्ड जुन्या खोक्यात सापडल्यास फेकून देऊ नये.

जुन्या यंत्रातील थकलेली मंडले या मार्गात पूर्णतः वगळली जातात. रेषा सावरणे, फितीवरील खाडे ओळखून भरणे, रंग वेगळे करणे ही कामे सॉफ्टवेअर करते. शिवाय कच्चा संकेत जपून ठेवला, तर पुढे अधिक चांगले सॉफ्टवेअर आल्यावर कॅसेट पुन्हा न चालवता चित्र नव्याने उलगडता येते. अडचण आहे ती जागेची. सेकंदाला ४ कोटी नमुने आणि प्रत्येकी एक बाइट या हिशेबाने तासाला १४४ गिगाबाइट लागतात. तीन तासांची कॅसेट ४३२ गिगाबाइटची होते. दर्जा न घटवता आकुंचन केल्यास हा आकार बराच कमी होतो. आवाज मात्र वेगळ्या तारेने नोंदवावा लागतो, हे विसरू नये.

जे कोणत्याही फेरफाराने मिळणार नाही

फितीवर जे कधी उमटलेच नाही, ते परत आणता येत नाही. लग्नाच्या अनेक कॅसेटी मूळ चित्रीकरणाच्या नसतात. शूटिंगवाल्याने मूळ कॅसेटवरून जोडकाम केलेली आणि तिच्यावरून घरी दिलेली, अशी ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत असते. प्रत्येक प्रतीत खरखर वाढते आणि रंग सरकतात. म्हणूनच फेरफारावर पैसे खर्च करण्यापूर्वी त्या समारंभाची सर्वात जुनी प्रत कोणाकडे आहे, हे नातलगांत विचारणे अधिक लाभदायक. मामाकडची प्रत आपल्या प्रतीपेक्षा सरस निघू शकते.

बुरशी हा पुण्यासारख्या पावसाळी दमट हवेतील मोठा शत्रू. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा तंतू दिसले, तर ती कॅसेट चांगल्या यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून, स्वच्छतेचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडेच द्याव्यात. पावसाळ्यात थंड खोलीतून आणलेली कॅसेट काही तास बाहेर ठेवून मगच लावावी.

जबाबदारी कुटुंबाची

पुणे हे चित्रजतनाचे शहर आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये येथेच झाली. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये याच संग्रहातील नायट्रेट फिल्म आगीत नष्ट झाल्या, तेव्हा एकच प्रत असण्याचा अर्थ काय, हे शहराने पाहिले आहे. मात्र आजीने म्हटलेल्या ओव्या, गल्लीतल्या गणपतीपुढचे मेळे किंवा महाविद्यालयातील एकांकिका यांच्या घरगुती कॅसेटी जपण्यासाठी कोणतेही सरकारी संग्रहालय नाही. त्या बहुधा एकेकट्याच आहेत आणि त्यांची जबाबदारी कुटुंबाचीच आहे.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा. सर्वात जुनी प्रत शोधावी, बुरशी तपासावी, यंत्र स्वच्छ करून कपॅसिटर बदलून घ्यावेत, अँटेनाऐवजी व्हिडिओ आउट वापरावे आणि रेषा स्थिर करणारे साधन जोडावे. एवढ्यावर बहुतेक कुटुंबांचे समाधान होईल. ज्या एखाद-दुसऱ्या कॅसेटवर गेलेल्या माणसाचा आवाज आणि चेहरा एकत्र आहे, तिच्यासाठी थेट संकेत नोंदवण्याचा खटाटोप करावा आणि तयार फाइलच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. मूळ कॅसेट त्यानंतरही टाकून देऊ नये. ती पूर्ण गुंडाळून, उभी आणि कोरड्या जागी ठेवावी. पाऊस सरल्यावर दिवाळीच्या साफसफाईसाठी माळा आवरायला काढाल, तेव्हा त्या खोक्यापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.